काही करत नाही तो

"काही करत नाही तो."

हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाच्या हातात पट्टा असतो, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा नसतो. कुत्रा तेव्हा वीस पावलं पुढे, तुमच्या छातीवर पाय ठेवायच्या बेतात असतो. तुम्ही दचकून मागे सरलात की दुसरं वाक्य येतं, "घाबरू नका, घाबरलात की त्यांना कळतं." म्हणजे चूक आपलीच. ही दोन वाक्यं मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलीयत की आता कुणी "काही करत नाही" म्हणालं की माझं डोकंच फिरतं. मग ते कुत्र्याबद्दल असो, जावयाबद्दल असो, नाहीतर मशीनबद्दल.

आमच्या पिंपळे गुरवच्या घरापासून दहा मिनिटांवर महापालिकेनं कुत्र्यांसाठी एक बाग केलीय. भोवती उंच जाळी, आत शिरताना एकामागोमाग एक दोन फाटकं, उड्या मारायला अर्धे गाडलेले टायर आणि माणसांसाठी चार बाकं. फाटकाशेजारी नियमांची पाटी आहे. कुत्रा आक्रमक असेल तर पट्टा सोडू नका, लस टोचलेली असावी, घाण उचला. ती पाटी जे नियम पाळतात तेच वाचतात.

तिथं आमचं जाणं सुरू झालं ते वडिलांमुळे, आणि वडिलांचं सुरू झालं ते कुत्रीमुळे.

मी चाकणला एका कंपनीत आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढतात त्या प्रेस शॉपमध्ये तपासणीचं काम करते. कंपनीची बस मला तळवड्याच्या चौकात सोडते, तिथून पुढे माझी स्कूटर. त्या चौकातल्या चहाच्या गाडीखाली एक तपकिरी पिल्लू राहायचं. एके दिवशी अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलून नेली आणि पिल्लू तेवढं उरलं. मी ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि वडील बाल्कनीतल्या खुर्चीला चिकटले होते. पिंपरीच्या कारखान्यात अख्खी नोकरी केलेला, कामगारांच्या बाजूनं सेफ्टी कमिटीवर बसलेला, साहेबांना बोट रोखून प्रश्न विचारणारा माणूस दिवसच्या दिवस समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत बसायचा. मी विचारलं, काय हवंय, तर म्हणायचे, "काही नको." ते "काही नको" ऐकून मला रडू यायचं.

पिल्लू बघून ते म्हणाले, "हे मी बघणार नाही, आत्ताच सांगतो." चौथ्या दिवशी ते त्याला दुधात भाकरी कुस्करून घालत होते. नाव काही ठेवलं नाही. ते तिला "बाई" म्हणायचे. "चला बाई, उठा बाई." बागेच्या रखवालदाराला बरेच दिवस वाटायचं की ते मलाच हाक मारतायत.

महिन्याभरात वडील रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर बागेत जायला लागले. तिथं त्यांना माणसं भेटली. बीडहून आलेला एक रिक्षावाला, एक निवृत्त बाई, कुणाकुणाची सुना-मुलं. घरी येऊन ते मला कुत्र्यांच्या बातम्या सांगायचे. माझी दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी असायची, तेव्हा मीही जायचे. माझा बाप मला परत मिळाला होता, तो त्या जाळीच्या आत. म्हणून पुढचं सगळं मी इतक्या रागानं सांगतेय.

तो माणूस दिवाळीनंतर यायला लागला. चाळिशीचा, अंगानं भरलेला, बरोबर काळा रॉटवायलर. दुसरं फाटक लागायच्या आत तो कुत्र्याचा पट्टा काढायचा आणि स्वतः बाकावर बसून फोन काढायचा. कुत्रा दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला असणार. सुटला की सरळ दिसेल त्याच्या अंगावर जायचा. लहान कुत्र्यांचे मालक आपापली लेकरं उचलून जाळीला लागायचे.

पहिल्यांदा तो आमच्या बाईवर आला तेव्हा मीही होते. तिला त्यानं खाली पाडलं, मानेशी तोंड नेलं आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून दिलं. मालकानं बाकावरूनच हात केला. "काही करत नाही तो, मॅडम. फ्रेंडली आहे. खेळायचंय त्याला."

आणि मी हसले. हसून म्हणाले, "असू दे, असू दे."

त्या "असू दे"चा मला आजही राग येतो. आपण भिडेपोटी हसतो. समोरचा इस्त्रीतला, गाडीतून उतरलेला, मॅडम म्हणणारा असला की जास्तच हसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आणि मला तर हसायचा अजिबातच अधिकार नव्हता, कारण मी काय काम करते ते मला माहीत आहे.

अपघात होता होता वाचला तर त्याला आमच्या कंपन्यांत 'निअर मिस' म्हणतात. कुणाचा पाय तेलावरून घसरला पण तो पडला नाही, वरून पाना पडला पण डोक्यात बसला नाही, हे सगळं कार्डावर लिहून पेटीत टाकायचं असतं. कुणी लिहीत नाही. लिहिलं की चौकशी लागते, लाइन थांबते, लोक तोंडं करतात. काही वर्षांपूर्वी माझ्या हातमोज्याचं टोक प्रेसमध्ये ओढलं गेलं होतं. मी हात काढला, मोजा गेला. लाइनवरचे म्हणाले, "वाचलीस ना? मग सोड की." मी सोडलं. पंधरा दिवसांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या पाळीतल्या एका मुलीच्या बोटाचं टोक गेलं. ती अजून भेटते, हसून बोलते. मी कार्ड लिहिलं नव्हतं हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

तर बागेतला तो निअर मिस होता, आणि मी तोही सोडला.

आठ दिवसांनी माझी पहिली पाळी होती. मी लाइनवर असताना रिक्षावाल्याचा फोन आला. रॉटवायलरनं बाईच्या मागच्या मांडीचा लचका तोडला होता. सोडवायला वडील मधे गेले, ते पडले, कोपर फुटलं आणि हाताला दात लागला. मी सुट्टी टाकून धावले. बाईला टाके पडले, वडिलांना दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. लसीचा कागद मागितला तर तो माणूस रिक्षावाल्याला म्हणाला होता, "फुल व्हॅक्सिनेटेड आहे, टेन्शन घेऊ नका." कागद मात्र दाखवला नव्हता.

आणि आणखी एक वाक्य तो बोलला होता. ते मला वडिलांनी सांगितलं नाही, रिक्षावाल्यानं सांगितलं. माझे वडील जमिनीवरून उठत होते, हाताला रक्त, आणि हा वरून म्हणाला, "अंकल, गावठी कुत्री आणताच कशाला इथं? ही काय त्यांची जागा आहे?"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

त्यानंतर वडिलांनी बाग सोडली. बाईचे टाके सुकले, ती लंगडायची थांबली, तरी ते तिला खाली पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून वर आणायचे. दाढी दोन-दोन दिवस राहायला लागली. मी म्हटलं, "बाबा, बागेत चला ना. मी येते बरोबर."

"गुडघे दुखतात."

"कालपर्यंत दुखत नव्हते."

"आज दुखतात. कशाला उगाच कुणाच्या तोंडी लागायचं, पोरी? आपली बाई बरी, आपलं पार्किंग बरं."

माझ्या बापाच्या तोंडून "कशाला उगाच" मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते कुत्र्याला भ्यायले नव्हते. कुत्र्याच्या जबड्यात हात घातलेला माणूस तो. त्यांना लागलं होतं ते दुसरंच. आमच्या घरात एका तळ्याची गोष्ट पोरांना भाताबरोबर भरवतात. जिथं जनावरं पाणी पितात तिथं माणसानं प्यायला कुणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट मला ह्याच माणसानं मांडीवर घेऊन सांगितली होती. आता म्हातारपणी, महापालिकेच्या बागेत, त्यांनीच कर भरलेल्या जागेत कुणीतरी विचारलं होतं, ही काय त्यांची जागा आहे? तो कुत्रीबद्दल बोलत होता, मान्य. पण काही शब्द ज्यांनी आधी ऐकलेले असतात त्यांना ते कुणाबद्दल आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

ते परत त्या खुर्चीत बसायला लागले. हा माणूस पुन्हा "काही नको" म्हणायला लागला तर ह्या वेळी मी पिशवीतून काय आणणार होते?

मी बागेत एकटीच गेले, कुत्री न घेता. बरोबर एक दोनशे पानी वही, तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: निअर मिस.

रखवालदार मूळ गावातलेच, ह्या जमिनीवर त्यांच्या आजोबांची ज्वारी होती असं सांगणारे. त्यांना वही दाखवून म्हटलं, "दादा, ही तुमच्या खोलीच्या खिळ्याला टांगायची."

त्यांनी वही उलटीपालटी केली. "ह्ये काय हाय, ताई?"

"कुत्रं कुणाच्या अंगावर गेलं, कुणाला पाडलं, पण लागलं नाही, तर ते इथं लिहायचं. तारीख, वेळ, काय झालं, कारण, उपाय."

"लागलं न्हाई तर ल्हायचं कशाला?"

"लागायच्या आधी कळावं म्हणून."

त्यांनी दोऱ्याला बांधलेलं पेन ओढून पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. म्हंजी कंपनीवानी. आमचं पोरगं बी हाय चाकनला, त्याच्या हितं असली पेटी हाय म्हनं. टांगा. मी न्हाई काढू द्यायचो कुनाला."

दुसऱ्या कुठल्या गावात मी ही वही टांगली असती तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. आमच्या ह्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. इथं घराघरातला एक तरी माणूस कंपनीत. ज्यांनी कंपनीत जन्मभर कार्ड लिहिलं नाही, ते इथं पानं भरायला लागले. निवृत्त बाईंनी लिहिलं: "काळा कुत्रा अंगावर आला, मी झाडाला धरले म्हणून वाचले, वय एकाहत्तर." रिक्षावाल्यानं लिहिलं: "मालक फोनवर, कुत्रं मोकळं, आमचं पिल्लू टायरमध्ये जाऊन बसलं ते अर्धा तास निघना." एकानं कारणाच्या रकान्यात नुसतंच लिहिलं: "माज." तीन आठवड्यांत एकोणीस नोंदी झाल्या, त्यातल्या चौदा एकाच कुत्र्याच्या. महापालिकेच्या कार्यालयात मी आधी तोंडी सांगायला गेले होते, तेव्हा तिथले साहेब म्हणाले होते, लेखी द्या. आता मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स नेऊन टेबलावर ठेवल्या. त्या माणसाच्या पत्त्यावर नोटीस गेली. कुत्र्याचा परवानाच काढलेला नव्हता.

पुढच्या रविवारी तो वहीसमोर उभा होता. पानं उलटत होता आणि मान लाल होत होती. कुत्रा त्या दिवशी पट्ट्यात होता, पण पट्टा हातभर सैल.

"मॅडम, तुम्ही चालवलंय ना हे?" तो म्हणाला. "निअर मिस! ही काय कंपनी आहे का?"

मी उत्तर शोधत होते आणि तेवढ्यात तो रखवालदाराकडे वळला. पाठ माझ्याकडे झाली. अंगात पिवळा टी-शर्ट होता, दरवर्षी मार्चमध्ये कंपन्या फुकट वाटतात तसला. आमच्याकडे निम्मं गाव तेच घालून फिरायला जातं. पाठीवर लिहिलं होतं: सुरक्षा माझ्यापासून सुरू होते.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या पाठीवर काय लिहिलंय?"

त्याला कळेना. रिक्षावाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळी बाग हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमच्या प्लँटमध्ये प्रेसची जाळी काढून कुणी मशीन चालवली आणि वर म्हणालं, काही करत नाही ती, तर तुम्ही काय कराल?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? बोट गेलं की दोन्हीकडे परत येत नाही. माझे वडील इथं पडले होते. तुम्ही त्यांना हात दिला नाहीत. वर विचारलंत, ही कुणाची जागा आहे. आता मी विचारते. पाटीवरचा एकही नियम न पाळणाऱ्याची ही जागा आहे का?"

त्यानं पट्टा हाताला गुंडाळला. माफीबिफी नाहीच. कुत्र्याला ओढत निघून गेला. नंतर आला तो कुत्र्याच्या तोंडाला जाळी घालून आणि पट्टा आखूड धरून. लोक म्हणाले, जिंकलात तुम्ही. मला तसं काही वाटलं नाही. माझा बाप अजून खुर्चीत होता.

म्हणून मी वही घरी नेली. वडिलांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले. बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. मधे एकदा ते हसलेही, बहुतेक "माज" वाचून. मग एकदम ओरडले, "हे कुणी लिहिलंय?"

मी धावत बाहेर आले. पहिल्या पानावरच्या पहिल्याच नोंदीवर त्यांचं बोट होतं. ती मी लिहिली होती, त्यांचीच. ज्येष्ठ नागरिक पडले, कोपराला व हाताला दुखापत. कारण: कुत्रा सुटला होता.

"मी लिहिलंय, बाबा."

"इतकी वर्षं कंपनीत काय झक मारलीस?" त्यांचा आवाज असा चढला की बाई खुर्चीखालून उठून उभी राहिली. "माणूस पडला, रक्त आलं, इंजेक्शनं झाली. हा निअर मिस आहे? हा अपघात आहे! अपघाताची नोंद निअर मिसमध्ये घालून साहेब लोक लपवालपवी करायचे, त्यासाठी आम्ही गेटवर बसलोय. आणि माझी पोरगी माझाच अपघात निअर मिसमध्ये लिहिते?"

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी वहीचं पेन हातात घेतलं होतं. त्यांनी माझी नोंद आडवी रेघ मारून खोडली, खाली सही केली, खाडाखोडीवर सही हवीच. मग मागच्या पानावर पट्टीनं रकाने आखले आणि वर लिहिलं: अपघात. खाली सगळं सविस्तर, तारीख-वेळेसह, त्यांच्या त्या उभट अक्षरात. कारणाच्या रकान्याशी थांबले. "कुत्रा सुटला होता म्हणे," ते पुटपुटले. "कुत्र्याचा काय दोष? मालक सुटला होता." आणि तेच लिहिलं.

"साक्षीदाराची सही लागेल," ते म्हणाले. "रिक्षावाला किती वाजता असतो?"

"सकाळी सात."

दुसऱ्या दिवशी मला दाढीच्या पाण्याच्या आवाजानं जाग आली.

आम्ही तिघं गेलो. वडिलांच्या काखेत वही, हातात बाईचा पट्टा, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाई फाटकाजवळ आली आणि अडली. मागचे पाय पोटाखाली घेऊन बसली. आत तोच माणूस निघायच्या तयारीत होता, जाळी घातलेला काळा कुत्रा त्याच्या पायाशी. आम्हाला बघून तो जागीच थांबला. मी पुढे होणार होते, वडिलांनी हातानंच मला मागे केलं.

"या ना, काका," तो माणूस म्हणाला. पूर्वी अंकल म्हणायचा. "घाबरू नका. काही करत नाही तो आता."

वडिलांनी वाकून बाईच्या डोक्यावरून हात फिरवला. ती उठून उभी राहीपर्यंत ते थांबले. मग सरळ झाले.

"ही पण काही करत नाही," ते म्हणाले. "करायचं ते मी करतो. फाटक धरा."

आणि त्यानं फाटक धरलं.